घरच्यांची हरकत

बागवान चाचांनी काचेच्या कपाटातून तिसरं पिस्तूल काढून हिरव्या कापडावर ठेवलं, आणि आबांनी पहिल्या दोन वेळी केलं होतं तेच पुन्हा केलं. नळी रिकाम्या भिंतीकडे वळवली, वरचा भाग मागे ओढला, आत डोळा लावून पाहिलं, मग खात्रीसाठी करंगळी घालून पाहिलं.

"हवालदारसाहेब, रिकामंच हाय की ते," चाचा हसून म्हणाले. "दुकानात भरून ठेवीन व्हय मी?"

"तुमी न्हाई हो ठिवणार. पर रिकामी म्हणून हातात घेतलेल्या रायफलीनं आमच्या पलटणीत एक पोरगं गेलं. तवापास्नं मी सोताच्या बापाचं बी ऐकत न्हाई."

मी शेजारच्या स्टुलावर साताऱ्याहून आणलेला डबा मांडीवर घेऊन बसले होते. कोल्हापुरातलं ते दुकान बोळात होतं आणि आत तेलाचा वास होता. गिऱ्हाईक आम्ही दोघंच. सदुसष्ट वर्षांचा बाप, आणि त्याला पिस्तूल घ्यायला घेऊन आलेली, शाळेत कारकून असलेली मुलगी. साड्यांच्या दुकानात मी जितका घोळ घालते त्याच्या दुप्पट घोळ आबा घालत होते, आणि मला त्याचा एवढा आनंद होत होता की डोळे भरून येत होते.

कारण आई गेल्यावरचे सात महिने फार वाईट गेले होते. आई कार्तिकात गेली. तेव्हापासून आबा ओसरीवरच्या खुर्चीत बसून असायचे. दोन गल्ल्या ओलांडून मी रोज डबा न्यायची, समोर ठेवला तर जेवायचे, नाही ठेवला तर विचारायचे नाहीत. पंधरा वर्षं फौजेत आणि नंतर बावीस वर्षं बँकेच्या दारात दोननळी घेऊन उभा राहिलेला माणूस, रोज दाढी करणारा, सदऱ्याची घडी न मोडू देणारा. त्याची दाढी मला सांगून करून घ्यावी लागायची.

त्या बावीस वर्षांत बँकेकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही आणि आबांनी नोकरीवर एक गोळी झाडली नाही. वर्षातून एकदा पोलिसांच्या मैदानावर चांदमारी असायची, माणशी पाच गोळ्या. घरी आले की आई दारातच विचारायची, "किती लागल्या?" आबा काही न बोलता पंजा दाखवायचे. मग त्या दिवशी शेवयांची खीर व्हायची. निवृत्तीच्या दिवशी बँकेची बंदूक बँकेत जमा झाली आणि चांदमारी संपली.

ज्येष्ठात त्यांचे जुने सोबती गणपत सुभेदार त्यांना जवळजवळ ओढत गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबवर घेऊन गेले. पंचवीस मीटरवर कागद लावायचा आणि क्लबच्या छोट्या पिस्तुलानं, पॉइंट टू टूनं, तो फोडायचा. त्यात स्पर्धा नाही, बक्षीस नाही, नुसती म्हाताऱ्यांची मौज. त्या रविवारी आबा तिथून सरळ माझ्या घरी आले. खिशातून घडी केलेला कागद काढून ओट्यावर पसरला. काळ्या वर्तुळात आठ भोकं होती.

"बघ," म्हणाले. मग म्हणाले, "भाकरी हाय का?"

दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. मी कांदा आणायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन रडून आले.

क्लबवर पिस्तूल एक आणि माणसं बारा. दहा गोळ्या झाल्या की पुढच्याच्या हातात द्यायचं आणि तासभर बाकावर बसायचं. म्हणून आबांना स्वतःचं हवं होतं. नवं नको, भारी नको, पेन्शनीत बसेल असं. श्रावण लागला आणि आम्ही कोल्हापूरला आलो.

पहिलं पिस्तूल देशी, कोरं, स्वस्त. आबांनी दोनदा रिकामा घोडा दाबून पाहिला आणि खाली ठेवलं. "घोडा जड हाय. दाबताना नळी हालती." दुसरं परदेशी, हलकं, देखणं. किंमत ऐकून त्यांनी ते दोन्ही हातांनी, नवजात मूल परत करावं तसं, चाचांना परत केलं. तिसरं जुनं होतं. लांब नळीचं, लाकडी मूठ वापरून गुळगुळीत झालेली, कुणा खेळणाऱ्यानं विकायला ठेवलेलं, नव्याच्या निम्म्या किमतीत.

"मूठ जरा जाड हाय," चाचा म्हणाले. "कानस मारून तुमच्या हातापरमानं करून देतो. पण माझं ऐकशिला तर हे बघा." त्यांनी चौथा डबा उघडला. हवेवर चालणारं, छर्ऱ्यांचं पिस्तूल. "लायसन नको, पोलीस नको. आत्ता घ्या, परसात चालू करा. गोळ्यांचा खर्च नाही."

"आबा, हेच घ्या ना," मी म्हणाले. कागदपत्रांचं सगळं मलाच करावं लागणार होतं.

आबांनी ते उचललं, पाहिलं, भिंतीवर रोखून दाबलं. फुस्स झालं. "न्हाई," ते म्हणाले. "आवाज पायजे."

मग तिसरं पुन्हा उचलून त्यांनी हात सरळ लांबवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर नेम धरला. आम्ही दोघं बघत राहिलो. हात हलला नाही. चाचांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"पन्नास सेकंद! इथं येणारी तालमीतली पोरं वीस सेकंदात लटपटत्यात, हवालदारसाहेब."

आबा लाजले. माझा बाप लाजताना मी पहिल्यांदाच पाहिला. चाचा म्हणाले, लायसन हातात आल्याशिवाय मी देऊ शकत नाही, पण चार महिने हे दुसऱ्याला दाखवणार नाही.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले होते. मी चेष्टेनं म्हणाले, "एवढा आवाज कशाला हवाय तुम्हाला? दिवाळी आहे का?"

त्यांनी खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाले, "गोळी सुटती न्हवं, आवाज हुतो, तवा डोस्क्यात कायबी ऱ्हात न्हाई. दोन-तीन सेकंद. तुजी आई बी नसती. आवाजाबिगार त्ये हुत न्हाई."

मी मान डोलावली. आणखी काही विचारलं नाही. माझा स्वभाव असा आहे की मी आधी निकाल लावते आणि मग चौकशी करते, आणि कधी कधी चौकशी राहूनच जाते. त्या वाक्याचं मी असंच केलं. ते डोक्यात घेऊन घरी आले आणि आतल्या आत उलटंसुलटं करत बसले.

लायसनचा अर्ज मीच भरला. अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांनी डबा घेऊन गेले तर आईचं लोखंडी कपाट सताड उघडं होतं. आतला कुलपाचा कप्पा, ज्यात आई तिच्या दोन पैठण्या, पाटल्या आणि घराची कागदपत्रं ठेवायची, तो रिकामा केलेला होता. सगळं खाटेवर नीट रचलं होतं. आबांनी दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता.

"ह्ये समदं तुज्याकडं घिऊन जा," ते म्हणाले.

"सगळं? पासबुकं पण?"

"पासबुकं बी. नाव तुजंच लावलंय. मला त्यो कप्पा मोकळा पायजे." आणि त्यांनी कप्प्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ही बी तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. दुसरी न्हाई हिला."

"का पण, आबा?"

"आसू दे गं," असं म्हणून ते हसले.

त्या हसण्याचीच मला भीती वाटली. आमच्या शाळेतले एक मास्तर स्वतःच्या हातानं गेले होते. त्याआधी आठ दिवस त्यांनी सगळ्यांना पुस्तकं वाटली होती, आणि ते किती शांत दिसतात असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणत होतो. आईच्या साड्या रिक्षात घेऊन घरी येताना मी मनाशी एकेक मोजत आले. साड्या दिल्या, कागद दिले, किल्ली दिली. आणि आता हातात पिस्तूल येणार.

मी त्यांना विचारायला हवं होतं. दोन गल्ल्या चालून जायचं आणि विचारायचं, आबा, तुमच्या मनात काय आहे? इतकंच होतं. पण बापाला असं विचारायचं धाडस मला झालं नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर?

पुढच्या आठवड्यात चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून शेळके नावाचे जमादार माझ्याकडे आले. वयस्कर, सभ्य माणूस होता. चहा घेतला, मांडीवर कागद ठेवून एकेक विचारत गेले. घरात भांडणतंटा? नाही. दारू? नाही. शेजाऱ्यांशी वाद? नाही.

"घरच्यांची काही हरकत?" त्यांनी 'नाही' लिहायला पेन टेकवलंच होतं.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. मी सांगत सुटले. आई गेल्यापासून त्यांचं मन ठिकाणावर नाही. महिनोन्‌महिने बोलत नव्हते. आता सामान वाटून टाकतायत. बोलताना माझा आवाज चढत गेला. घरात हत्यार आलं तर ते स्वतःचं बरंवाईट करून घेतील, असं मी स्पष्ट म्हणाले.

"ताई, हे लिहिलं तर लायसन होत नाही," शेळके हळू आवाजात म्हणाले. "आणि हे कागदावर कायमचं राहतं. एकदा त्यांच्याशी बोलून बघा. मी परवा येतो."

"नको. लिहा."

त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. शाळेत रोज शंभर कागदांवर करते तशीच, शालन नारायण, खाली रेघ.

आबा त्या दोन महिन्यांत पोस्टमनची वाट बघत राहिले. रविवारी क्लबवर जात होते, कागद आणून दाखवत होते. मी बघायची आणि वा म्हणायची. माझ्या इतक्या जवळ उभे असायचे आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हते.

कार्तिकात नकाराचं पत्र आलं. आबा ते घेऊन सरळ कचेरीत गेले. तिथला कारकून माजी सैनिक निघाला, त्यानं फाईल उघडून दाखवली. दुपारी मी दारात मटार सोलत बसले होते, तेव्हा ते आले. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसले.

"शालन, सही तुजी हाय," ते म्हणाले.

मी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"आक्षर पोलिसाचं हाय. सही तुजी हाय. मन ठिकाणावर न्हाई, आसं लिवलंय."

"आबा, मला भीती वाटली. तुम्ही आईच्या साड्या दिल्या, पासबुकं दिली, किल्ली दिली... मला वाटलं तुम्ही..."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं, आणि त्यांचा चेहरा जो उतरला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अगं, त्यो कप्पा पिस्तुलासाटनं मोकळा केला. घरात कुलपाचा तेवढा येकच हाय. पोलीस घरी येऊन बघत्यात, हत्यार कुटं ठिवणार म्हणून."

"मग किल्ली मला का दिलीत?"

माझ्या सुपातली एक शेंग घेऊन त्यांनी ती सोलली, दाणे सुपात टाकले.

"बँकेत बावीस वर्सं तसंच केलं. बंदूक माज्या हातात, कपाटाची किल्ली म्यानेजरकडं. सकाळी मागून घ्यायची, संध्याकाळी जमा. तसंच करनार हुतो. आयतवारी तुज्याकडनं किल्ली न्यायची, आलो की परत द्यायची."

"पण का? घर तुमचं, पिस्तूल तुमचं."

"कारण पौषात एकदा मनात आलं हुतं," आबा म्हणाले. "तुजी आई जाऊन दोन म्हैनं झालं हुतं. हिरीच्या काठावर बसलो बराच येळ. मग उठून घरी आलो. तवापास्नं न्हाई आलं मनात. पर म्हणलं, आपुन आपल्यावर पहारा ठिवू ने. दुसऱ्यानं ठिवावा. मला तुज्याशिवाय कोन हाय?"

मी रडायला लागले. "हे मला सांगायचं ना, आबा! एका शब्दानं सांगायचं!"

"तू बी इचारायचं न्हाईस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी खोटं लिवलंस म्हणत न्हाई. खोटं न्हाईच त्ये. पर माज्या मागनं लिवलंस."

मी जेवायचा आग्रह केला. ते न जेवता गेले.

दुसऱ्याच दिवशी मी ठाण्यात जाऊन जबाब मागे घेते म्हणाले. शेळके म्हणाले, तसं होत नाही, त्यांना अपील करायला सांगा. आबांनी अपील केलं नाही. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. क्लबच्या सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आबा, या, बसा, चहा घ्या, पण पिस्तूल सध्या नको. आबा पुन्हा तिकडे गेले नाहीत. गणपत सुभेदार दोनदा बोलवायला आले आणि परत गेले.

मग मी एकटी कोल्हापूरला गेले. चाचांनी ते जुनं पिस्तूल खरंच कुणाला दाखवलं नव्हतं. मूठसुद्धा घासून ठेवली होती. "हवालदारसाहेब न्हाई आले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आता त्यांना ते नको झालंय, ते छर्ऱ्यांचं द्या. चाचांनी माझं तोंड पाहिलं आणि डबा बांधून दिला.

आबांनी ओसरीवर तो डबा उघडला. पिस्तूल भिंतीकडे वळवून रिकामं आहे का ते पाहिलं. मग परत डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"ज्याच्या हातात खरं द्यायचं भ्या वाटतं, त्येला खेळनं दिऊ ने, बाळ."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या घराचं फाटक वाजलं. बाहेर आबा उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ.

"शालन, हाय गं मी," ते म्हणाले, आणि वळून गेले.

मला वाटलं चहाला आले असतील, मी मागून हाक मारली. ते थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. चौथ्या दिवशी आले. चौथ्या दिवशी ते का येतात हे मला कळलं. मी पोलिसांना लेखी दिलं होतं की या माणसाचा भरवसा नाही. म्हणून हा माणूस रोज सकाळी येऊन हजेरी देत होता.

पावसात आले, तापात आले, गुडघा सुजला तेव्हा काठी टेकत आले. कधी टोमणा नाही, कधी चुकारपणा नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय माया आहे गं बापाची, रोज तोंड बघून जातात. नऊ वर्षं आले. त्यानंतर छातीत कफ झाला आणि माझ्याच घरात, माझ्या मांडीवर, शांतपणे गेले. सगळे मला म्हणाले, तू वेळीच ते पिस्तूल अडवलंस म्हणून एवढं जगले. असेलही. पण त्या नऊ वर्षांत त्यांनी पुन्हा कधी भाकरी मागून खाल्ली नाही. मी त्यांना वाचवलं की त्यांचं होतं नव्हतं ते काढून घेतलं, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवून देणारं आता कुणी नाही.

फक्त एकदा मी त्यांना अडवलं होतं. हे सुरू होऊन दीड वर्ष झालं असेल. "हाय गं मी" म्हणून ते वळले आणि मी अनवाणी धावत जाऊन फाटकापाशी त्यांचा हात धरला.

"आबा, नका येऊ असं. मला नाही सहन होत. माझा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर."

"खरंच?"

"खरंच. शपथेवर."

"मग तसं लिवून दे," आबा म्हणाले.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर हवं होतं. मी आत धावले, शाळेचा फुलस्केप कागद आणि पेन आणलं, फाटकाच्या खांबावर कागद धरला. तारीख घातली. 'मी, शालन नारायण फडतरे, लिहून देते की माझे वडील' इथपर्यंत लिहिलं. आबा माझ्या खांद्यावरून वाचत होते.

पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं. तीनच शब्द होते, 'विश्वासाला पात्र आहेत'. पण मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, सदरा दोन मापं मोठा वाटणारा, डोळे कुठेतरी लांब. या माणसाच्या मनात काय आहे? मला ठाऊक नव्हतं. जबाब देतानाही नव्हतं, आणि आताही नव्हतं. माझा हात चालेना. सही करून बसले तर, आणि उद्या सकाळी फाटक वाजलं नाही तर?

आबा थांबले. रस्त्यानं दूधवाला गेला, शाळेची पोरं गेली. त्यांनी पुष्कळ वेळ दिला मला. मग माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मनात न्हाई त्ये लिवू ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजता ते फाटकाशी उभे होते.